सोमवारी मागे राहणारा लघुग्रह

मोजणीदारांच्या लघुग्रहाला उशीर होत होता, आणि तोही दर सोमवारी.

उशीर म्हणजे फार नव्हे. आकाशातला दगड ज्या क्षणी जिथे असायला हवा, तिथे तो मोजणीदारांच्या फोटोत नसायचा. जरासा मागे असायचा. मंगळवारी थोडा सुधारायचा, शनिवारी जवळजवळ जागेवर यायचा, आणि सोमवार आला की पुन्हा मूळ पदावर. मोजणीदारांनी एकतीस वर्षं जमीन मोजणीच्या खात्यात काढली होती. त्यांनी रोवलेल्या हद्दीच्या एकाही दगडाची कधी फेरमोजणी झाली नव्हती. अशा माणसाला आकाशातल्या एका दगडाने असं वागवावं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

मोबाइल अजून घरोघरी पोचले नव्हते तेव्हाची ही गोष्ट. निवृत्तीनंतर मोजणीदारांनी गच्चीच्या कोपऱ्यात दुर्बीण बसवली. परदेशातल्या मेव्हण्याने वापरलेला कॅमेरा पाठवला, जुन्या ऑफिसातून मोडीत निघालेला एक कॉम्प्युटर मिळाला. त्या कॉम्प्युटरला सगळं आठवायचं, फक्त वेळ आठवायची नाही. दर वेळी चालू केला की तो आपला जन्मदिवस सांगायचा, आणि मग तारीख-वेळ हाताने भरावी लागायची.

काम असं होतं: पृथ्वीच्या आसपास फिरकणाऱ्या लघुग्रहाचे थोड्या थोड्या वेळाने तीन फोटो काढायचे. तारे जागचे हलत नाहीत; जो ठिपका सरकतो, तो आपला. त्याची जागा शेजारच्या ताऱ्यांपासून मोजायची, फोटोची वेळ सेकंदापर्यंत लिहायची आणि सगळं ईमेलने एका दूरच्या कार्यालयाकडे पाठवायचं. तिथे जगभरच्या मोजण्या गोळा होतात आणि कुठला दगड कुठे निघालाय ते ठरतं. पण ते कार्यालय येरागबाळ्याची मोजणी घेत नाही. आधी माहितीतले लघुग्रह बरोबर मोजून दाखवायचे, मग ते तुमच्या गच्चीला तीन अक्षर-आकड्यांचा एक कोड देतात. कोड नसेल तर तुमची मोजणी म्हणजे ओट्यावर बसून दिलेलं मत. मोजणीदारांना तो कोड हवा होता. इतका हवा होता की, बढतीसाठीसुद्धा त्यांनी कधी एवढे अर्ज केले नव्हते.

पहिल्या आठवड्याच्या मोजण्या पाठवल्या आणि उत्तर आलं: तुमचे लघुग्रह मागे राहतात. कृपया घड्याळ तपासा.

ही मात्र हद्द झाली. मोजणीदारांच्या भिंतीवरच्या घड्याळावर अख्खी इमारत चालायची. पाण्याचा पंप त्यावर, कमिटीच्या सभा त्यावर. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर दवाखाना उघडण्याआधी जिन्यातून डोकावून त्यात वेळ बघायचे. दर रविवारी सकाळी आठच्या बातम्यांआधी रेडिओवर टोले पडत, आणि शेवटच्या टोल्याला मोजणीदार स्टुलावर उभे राहून काटा लावत. गेली अठरा वर्षं. ते घड्याळ आठवड्याला बरोबर सात मिनिटं पुढे जायचं, हे त्यांनी पहिल्या महिन्यातच पकडलं होतं. सात दिवसांत सात मिनिटं, म्हणजे दिवसाला एक. त्याचं कोष्टक करून त्यांनी घड्याळाखाली चिकटवलं होतं: सोमवारी एक मिनिट वजा, मंगळवारी दोन, असं करत शनिवारी सहा. चुकणारं घड्याळ त्यांना चालायचं. शिस्तीत चुकलं म्हणजे झालं. कॉम्प्युटरची वेळही ते त्या घड्याळावरून, कोष्टकाप्रमाणे वजाबाकी करूनच भरत. मनगटी घड्याळ त्यांनी निवृत्तीच्या दिवशीच काढून ठेवलं होतं.

त्यांनी कार्यालयाला चार परिच्छेदांचा निषेध पाठवला आणि सोबत कोष्टक जोडलं. उत्तर दोन ओळींचं आलं. कोष्टक फार सुबक आहे. कृपया घड्याळ तपासा.

"त्यांचंच काहीतरी चुकत असेल," वहिनी म्हणाल्या. वहिनी म्हणजे मोजणीदारांची बायको. इमारतीत सगळे त्यांना तेच म्हणत. एरवी नवऱ्याच्या आकाशाबद्दल त्या मत देत नसत. त्या दिवशी दिलं आणि लगेच स्वयंपाकघरात गेल्या.

दातांच्या डॉक्टरांना चूक एका नजरेत सापडली. "तुमची दुर्बीण हलते, मोजणीदार. तिपाईवर कसली अचूकता? मी दाढ काढतो ती खुर्ची जमिनीला बोल्टने ठोकलेली आहे. तुम्ही काँक्रीटचा खांब घाला."

मोजणीदारांनी खांब घातला. गच्चीला चार भोकं पाडली, सळया बसवल्या, कमरेएवढा खांब उभा केला. लघुग्रह सोमवारी मागेच राहिला. मात्र पंधरवड्याने गच्चीवरची टाकी भरून वाहिली, पाणी त्या भोकांतून आत शिरलं आणि नळीच्या कडेकडेने थेट तळमजल्यावर, डॉक्टरांच्या त्याच खुर्चीवर ठिबकू लागलं. खुर्चीत पेशंट होता आणि त्याचं तोंड उघडं होतं. पहिले दोन थेंब त्याला उपचाराचाच भाग वाटले.

डॉक्टर वर आले तेव्हा त्यांच्या हातात पक्कड तशीच होती. खांबाचा सल्ला कोणी दिला होता, हे त्यांना अजिबात आठवत नव्हतं.

मग इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी आले. सेक्रेटरी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासत आलेले. कमिटीच्या वहीत स्वल्पविरामही लाल शाईने देणारा माणूस. त्यांच्या मनात गच्चीच्या त्या कोपऱ्यात नवी टाकी बसवायची होतीच. त्यांनी मोजणीदारांना नोटीस दिली, आणि नोटिशीची पोच मोजणीदारांच्याच पेनने घेतली. पुढच्या सोमवारी सकाळी ठीक नऊपर्यंत दुर्बिणीस अधिकृत मान्यता असल्याचं पत्र सादर करावं. केल्यास खांब राहील आणि भोकं बुजवून दिली जातील. न केल्यास खांब फोडण्यात येईल. खाली कंसात लिहिलं होतं: वेळ मोजणीदार यांच्या भिंतीवरील घड्याळाप्रमाणे.

"वेळेवरून नंतर वाद नको," सेक्रेटरी म्हणाले. "तुमच्या घड्याळावर तरी तुमचा आक्षेप नसेल."

"मुळीच नाही," मोजणीदार ताठ मानेने म्हणाले.

मोजणीदारांच्या हातात एक आठवडा होता, आणि नेमका त्याच आठवड्यात एक चपळ लघुग्रह पृथ्वीजवळून जात होता. रोज संध्याकाळी, अंधार पडता पडता, पश्चिमेला खाली अर्धा तास दिसायचा आणि समोरच्या इमारतीमागे जायचा. कार्यालयाने कळवलं होतं: हा एक नीट मोजून दाखवा. मोजणीदारांनी सोमवारी मोजला. तो नुसता मागे नव्हता, भलताच मागे होता. आळशी लघुग्रह केसभर मागे राहायचे, हा चपळ हातभर मागे राहिला. बुधवारी थोडा कमी, शुक्रवारी आणखी कमी, शनिवारी अगदी थोडा. सगळं पाठवलं. शनिवारी रात्री, ज्या इंटरनेट कॅफेतून ते ईमेल पाठवत तिथेच, उत्तर वाचलं: शनिवारची मोजणी आशादायक आहे, बाकीच्या घेता येत नाहीत. घड्याळ तपासलंत का?

मोजणीदारांनी घड्याळ तपासलं नाही. त्यांनी स्वतःला तपासलं. शनिवारी बरोबर आणि सोमवारी चूक, याचा अर्थ उघड होता. आठवडाभर हात बसत जातो आणि रविवारी बिघडतो. रविवारी काय होतं? रविवारी ते दुर्बिणीला सुट्टी देत आणि जेवून दोन ते साडेतीन झोपत. त्या झोपेनेच घात केला होता. इतकी वर्षं पेन्शनीत आळशीपणा अंगात मुरला आणि तोच त्यांच्या मोजणीत उतरला. फार वाईट वाटलं त्यांना. या रविवारी झोपायचं नाही, असं त्यांनी ठरवलं, आणि हे कोणाला सांगायची लाज वाटली म्हणून सांगितलं नाही.

रविवारी सकाळी टोल्यांना घड्याळ लावलं. नेहमीप्रमाणे सात मिनिटं पुढे होतं. जेवण झालं. ते आत जाऊन पलंगावर आडवे झाले आणि डोळे मिटून मनात ताऱ्यांचे क्रमांक म्हणत राहिले. खांब फुटला तर पुन्हा घालायला कमिटी परवानगी देणार नाही, हे त्यांना माहीत होतं. बाहेरच्या खोलीत सामसूम होती.

मग स्टूल सरकल्याचा आवाज आला.

ते उठले आणि दारात आले. वहिनी स्टुलावर उभ्या होत्या. घड्याळाची काच उघडी होती, आणि त्यांचं बोट मोठ्या काट्यावर होतं. ते काटा सात घरं पुढे नेत होतं, आणि इतक्या सराईतपणे, की हे काही पहिल्यांदाच नाही, ते उघड होतं.

"काय करतेस?"

वहिनींनी मागे पाहिलं. त्या दचकल्या, पण काटा सोडला नाही. "झोपला नाहीत?"

"मी विचारतोय, काय करतेस?"

"पुढे करतेय."

"कधीपासून?"

"अठरा वर्षं झाली."

मोजणीदार खुर्चीत बसले. वहिनी स्टुलावरून उतरल्या, पदराला हात पुसले आणि समोर बसल्या.

"माझी धाकटी बहीण कायमची परदेशी निघाली होती, आठवतंय? आपण स्टेशनवर पोचलो आणि मला गाडीचा शेवटचा डबा दिसला. सहा मिनिटं उशीर झाला होता. तुम्ही घरी बुटाच्या नाड्यांची टोकं दोन्हीकडे सारखी करत बसला होता."

"मग मला सांगायचंस."

"सांगून तुम्ही लवकर निघाला असता? तेव्हापासून तुम्ही रविवारी झोपलात की मी सात मिनिटं पुढे करते. सहा ती, आणि एक वरचं. त्यानंतर आपली एक गाडी चुकलेली नाही."

"आणि हे कोष्टक? अठरा वर्षं मी वजाबाक्या करतोय. तुला दिसत नव्हतं?"

वहिनींनी भिंतीकडे पाहिलं. कागद पिवळा पडला होता. अक्षर मात्र अजून मोत्यासारखं होतं. "दिसत होतं. तुम्ही इतकं मन लावून केलं होतंत, रेघा तिरक्या होऊ नयेत म्हणून दोनदा पुसून. म्हटलं, कशाला मोडायचं. मला काय ठाऊक, तुम्ही त्यावर आकाश टांगाल."

मोजणीदारांना राग आला होता, आणि तो खराच होता. निम्मं आयुष्य आपण एका बाईच्या बोटावर चाललो, असं त्यांना वाटलं. ते मोठ्याने काहीतरी बोलणार होते, आणि तेवढ्यात थांबले. घड्याळ दिवसाला एक मिनिट पुढे जात नव्हतं. ते रविवारी दुपारी एकदम सात मिनिटं पुढे जायचं आणि मग आठवडाभर अगदी बरोबर चालायचं. म्हणजे सोमवारी त्यांनी एकच मिनिट वजा केलं आणि सहा राहिली. मंगळवारी पाच राहिली. शनिवारी एक. फोटोवरची वेळ खऱ्या वेळेच्या पुढे, म्हणून दगड मागे. आळशी दगड सहा मिनिटांत केसभर चालतो, चपळ हातभर.

"पेन्सिल," ते म्हणाले.

वहिनींनी पेन्सिल दिली. मोजणीदारांनी सोमवारच्या वेळेतून सहा मिनिटं काढली, बुधवारच्या वेळेतून चार, शुक्रवारच्या वेळेतून दोन, शनिवारच्या वेळेतून एक. दीड तास आकडेमोड चालली. शेवटची रेघ ओढली तेव्हा सगळे लघुग्रह, आळशी आणि चपळ, आपापल्या जागी उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते चष्मा पुसत बसले.

"आज संध्याकाळी पुन्हा मोजतो, म्हणजे खात्री," ते उठत म्हणाले. "सातला बातम्यांचे टोले पडतील. त्यावर कॉम्प्युटर लावायचा. सातपासून साडेसातपर्यंत तो दिसेल. रविवारी आठलाच कॅफे बंद."

रेडिओ गच्चीवर नेला तेव्हा कळलं की त्याचे सेल संपत आलेत. आवाज येई आणि जाई. सातला दोन मिनिटं कमी असताना तो पार गप्प झाला. वहिनींनी मागचं झाकण उघडलं, सेल काढून तळहातांवर जोरात चोळले आणि परत घातले. रेडिओ खरखरला. त्या तो कानाशी धरून उभ्या राहिल्या आणि मोजणीदार कॉम्प्युटरच्या बटणावर बोट ठेवून.

"एक," वहिनी म्हणाल्या. "दोन. तीन. चार. पाच. आता."

बोट पडलं. पश्चिमेला ढगाचा एक पट्टा होता आणि तो सरकत होता लघुग्रहाकडेच. पहिला फोटो निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याच्या आधी ढग आला आणि तिथेच थांबला. मोजणीदार खांबावर हात ठेवून उभे राहिले. उद्या या वेळी तो खांब असेल की नाही, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात होता. समोरच्या इमारतीच्या कठड्याला दगड टेकायला चार मिनिटं उरली तेव्हा ढग पुढे गेला, आणि तिसरा फोटो मिळाला.

आठला सहा मिनिटं कमी असताना ते कॅफेत घुसले. कॅफेच्या वहीत नाव-पत्त्यानंतर 'कामाचे स्वरूप' असा रकाना होता. मोजणीदार तिथे नेहमी 'लघुग्रह' लिहीत आणि कॅफेवाला ते वाचून त्यांना मुद्दाम दाराजवळचं मशीन देई. आज त्यांनी लिहिलं, 'दुरुस्ती'. मोजण्या चढवल्या. शेवटी कारण लिहायचं होतं. चार परिच्छेदांचा निषेध आठवून त्यांचे कान गरम झाले. कॅफेवाला शटरची काठी घेऊन मागे उभा होता. त्यांनी एका बोटाने लिहिलं: आपलं म्हणणं बरोबर होतं. माझी पत्नी दर रविवारी घड्याळ सात मिनिटं पुढे करते. कारण रास्त आहे. मग पाठवलं.

सोमवारी साडेआठलाच ते कॅफेच्या बंद शटरसमोर जाऊन उभे राहिले. कॅफे नऊला उघडतो. नोटीसही नऊची. हा हिशेब त्यांनी रात्रभर केला होता आणि तो कुठल्याच बाजूने बसत नव्हता. आतल्या भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून चार मिनिटांनी शटर वर गेलं. मशीन चालू व्हायला तीन मिनिटं गेली. मग लाइन लागेना. मग लागली. पत्र आलं होतं.

सुधारलेल्या सर्व मोजण्या स्वीकारल्या आहेत. आपल्या गच्चीचा कोड खालीलप्रमाणे. त्याखाली एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे होते. त्याखाली आणखी एक ओळ: यापुढे वेळेसाठी रेडिओ वापरावा, आणि आपल्या पत्नीस आमचा नमस्कार.

त्यांना ते तीनदा वाचायचं होतं. एकदाच वाचलं. प्रिंटरने कागद अर्धा गिळला. कॅफेवाल्याने झाकण उघडून तो बाहेर ओढला आणि पुन्हा घातला. निघताना भिंतीवर नऊ वाजून सतरा मिनिटं झाली होती. मोजणीदार धावले. निवृत्तीनंतर ते पहिल्यांदाच धावत होते, आणि प्रत्येक पावलाला हातोड्याचा घाव कानावर येईल म्हणून श्वास रोखत होते. इमारतीच्या फाटकाशी आले, आवाज नव्हता. म्हणजे फोडूनही झाला असेल, असं त्यांच्या मनात आलं.

जिन्यात, त्यांच्या उघड्या दारासमोर, सेक्रेटरी पायरीवर बसले होते. शेजारी कंत्राटदार आणि दोन मजूर, घणांवर हनुवटी टेकून. सगळे आत भिंतीकडे बघत होते.

"धावू नका, मोजणीदार," सेक्रेटरी म्हणाले. "तीन मिनिटं आहेत अजून. नोटिशीत नऊ म्हटलंय, तर नऊच. माझंच मनगटी घड्याळ पंचवीस मिनिटं पुढे गेलं होतं, आत्ता तुमच्यावरून लावून घेतलं."

मोजणीदारांनी भिंतीकडे पाहिलं. घड्याळात नऊला तीन मिनिटं कमी होती. मग त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी खिडकीशी बसून शेंगा सोलत होत्या आणि मान वर करत नव्हत्या. स्टूल घड्याळाखालीच होतं.

एकतीस वर्षांत मोजणीदारांनी चुकीची मोजणी समोर दिसत असताना तोंड बंद ठेवलं नव्हतं. त्यासाठी दोन बदल्या भोगल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं. वहिनींचा हात शेंगेवर थांबला.

"हे पत्र," मोजणीदार म्हणाले. "वेळेत आहे ना, ते बघून घ्या."

सेक्रेटरींनी पत्र वाचलं, घड्याळ बघितलं, आणि लाल शाईने कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं: आठ सत्तावन्न, प्राप्त. खांब राहिला. कंत्राटदार माणसं घेऊन आलाच होता, तेव्हा त्याच्याकडून भोकं बुजवून घेतली; डॉक्टरांनी खाली खुर्चीत पडून, छताकडे तोंड उघडं ठेवून, गळत नसल्याची स्वतः खात्री केली.

त्या रात्री, काटे पुन्हा जागेवर आल्यावर, मोजणीदारांनी जुनं कोष्टक हलक्या हाताने काढलं आणि नवीन चिकटवलं. त्यात सोमवारपासून रविवारपर्यंत प्रत्येक दिवसासमोर एकच आकडा होता: सात वजा. वहिनींनी ते येता-जाता वाचलं. अक्षर छान आलंय, एवढंच म्हणाल्या.

पुढच्या रविवारी मोजणीदार जेवून पलंगावर आडवे झाले. स्टूल सरकलं तेव्हा ते जागे होते, पण डोळे मिटूनच राहिले. काटे फिरवायचा वहिनींचा हक्क त्यांनी मनोमन मान्य केला होता, आणि कॉम्प्युटर आता रेडिओवर चालत होता.

त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी आठच्या टोल्यांना ते नेहमीप्रमाणे स्टुलावर चढले. घड्याळ नऊ मिनिटं पुढे होतं. कोष्टकातली सात, आणि दोन वरची.